बोटभर ढील आणि वाकणारे गार्ड

शंभर सीसीची नवी मोटारसायकल शोरूममधून बाहेर पडते, तेव्हा तिच्यावर दोन वस्तू घरच्यांच्या आग्रहाने हमखास चढलेल्या असतात: पुढचे लेगगार्ड आणि मागचे सारीगार्ड. सारीगार्डला निदान कायद्याचा आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि फुटरेस्ट मागतो, शिवाय कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे कवचही. पदर आणि ओढणी नजरेसमोर ठेवून केलेला हा नियम आहे. लेगगार्डची तशी सक्ती नाही. तरी कोल्हापूरच्या दूधवाल्यापासून विदर्भातल्या शिक्षकापर्यंत ते सगळ्यांच्या गाडीला दिसते. कोणी त्याला दोरी गुंडाळतो, कोणी लांबच्या रस्त्यावर त्यावर पाय टेकवतो (हे मात्र धोक्याचे, कारण तेवढा वेळ पाय ब्रेकपासून दूर असतो).

हे गार्ड नेमके काय वाचवते, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र बऱ्याच जणांच्या समजुतीच्या उलट आहे.

आधी थोडे गणित करू. एकशे दहा किलोची गाडी उभ्या जागी कलंडली, तर तिचा गुरुत्वमध्य साधारण तीस सेंटिमीटर खाली येतो. या पडण्यात सव्वातीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. तीच गाडी ताशी ४० किलोमीटरने धावत असेल, तर स्वाराचे वजन न धरताही तिच्यात ६,७०० ज्यूलहून अधिक ऊर्जा असते, म्हणजे वीसपटीपेक्षा जास्त. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची नळी पहिला हिशेब सहज चुकता करते. दुसरा तिच्या कुवतीबाहेरचा आहे. गाडी स्टँडवरून पडली, चिखलात हळू घसरली, वळणावर वाळूत आडवी झाली, अशा वेळी गार्ड कामाला येते. समोरून ट्रक आला, तर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

छोट्या गाडीत वाचवण्याजोगे काय असते, तेही पाहायला हवे. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ साली भारतात आली, नंतर स्प्लेंडर आली. दोन्हींच्या ९७.२ सीसी इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून बसवलेला. ही रचना होंडाच्या सुपर कब घराण्यातली, आणि ते घराणे १९५८ सालचे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना ओतीव ॲल्युमिनियमची झाकणे असतात, डावीकडे मॅग्नेटोचे आणि उजवीकडे क्लचचे. ओतीव ॲल्युमिनियम वाकण्यापेक्षा तडकणे पसंत करते. झाकण तडकले, की आतले लिटरभराच्या आसपासचे ऑइल रस्त्यावर सांडते आणि गाडी घाटात जागीच बसते. गार्डचे पहिले काम हे: इंजिनाचे पोट जमिनीपासून हातभर दूर ठेवणे.

पायाचे काय? नावात ‘लेग’ आहे, म्हणून पाय वाचतोच असे आपण धरून चालतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. पोलिसांचे ३,६०० अहवालही त्यांनी तपासले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा क्रॅश बारबद्दलचा निष्कर्ष रोखठोक होता: इजा टाळण्याचे साधन म्हणून तो परिणामकारक नाही. घोटा आणि पाऊल यांच्या जखमा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या जखमा तितक्याच वाढतात. तिथल्या गाड्या आपल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या आणि रस्तेही वेगळे, हे खरे. तरी कारण दोन्हीकडे लागू पडते. नळी पायाला खालून आधार देते, पण तीच पायाच्या आड येऊन त्याला भलत्या दिशेने पिळते. ब्रिटनमधल्या परिवहन आणि रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात पायांसाठी खास संरक्षक कवचे तयार केली, तेव्हाही यावरून मोठा वाद पेटला. कवच पायाला वाचवते, पण स्वाराचे शरीर कसे आणि कुठे फेकले जाईल ते बदलून डोक्याला धोका निर्माण करते का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. मोटारसायकलच्या टक्कर-चाचण्या कशा घ्याव्यात याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १३२३२, १९९६ साली आले त्यामागे ही पार्श्वभूमी होती. म्हणून माझे मत असे, की लेगगार्ड घ्यावे ते इंजिनासाठी. पाय थोडाफार वाचला तर तो वरचा नफा.

एकदा हे मान्य केले, की गार्ड निवडण्याची दृष्टीच बदलते. दुकानात वजन हातात तोलून ‘हे भारी आहे’ असे सांगितले जाते. पण एकाच वजनाचा लोखंडी गज आणि लोखंडी नळी यांत वाकण्याला जास्त विरोध नळी करते, कारण तिचे धातुद्रव्य मध्यापासून दूर असते. २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २ मिलिमीटर जाडीची भिंत असलेली नळी घ्या. तेवढ्याच लोखंडाचा भरीव गज केला, तर तो सुमारे साडेबारा मिलिमीटरचा होईल, आणि नळी त्याच्या पाचपट ताठ निघेल. लोखंड तेवढेच, फरक फक्त ते कुठे ठेवले याचा. अर्थात ताठपणालाही मर्यादा हवी. पडण्याच्या धक्क्यात गार्ड थोडे वाकले पाहिजे, कारण वाकण्यातच ऊर्जा खर्च होते. जे मुळीच वाकत नाही ते सगळा धक्का फ्रेमच्या नळीकडे आणि इंजिनाच्या हँगर बोल्टकडे पाठवते. वाकलेले गार्ड काही शे रुपयांत बदलता येते. वाकलेल्या फ्रेमचे तसे नाही.

बसवण्याचे काम बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत उरकतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. गार्ड साधारणपणे दोन जागी धरलेले असते: वर फ्रेमच्या पुढच्या नळीला यू-क्लॅम्पने, खाली इंजिन ज्या बोल्टांवर टांगलेले आहे त्यांतल्या एकाला किंवा फ्रेमच्या पट्टीला. हँगर बोल्ट काढायचा असेल तर आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक द्यावा, आणि एका वेळी एकच बोल्ट काढावा. नाहीतर इंजिन किंचित खाली बसते आणि भोके जुळेनाशी होतात. मग कारागीर हातोडीने बोल्ट ठोकतो आणि आटे मरतात. गार्डच्या पट्टीची जाडी मधे आल्याने जुना बोल्ट आता तेवढ्याने आखूड पडतो, तेव्हा नटाबाहेर निदान एक-दोन आटे दिसतील एवढा लांब बोल्ट घ्यावा लागतो. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, गार्ड आपोआप जिथे बसते तिथे बसू द्यायचे, आणि मगच पान्हा हातात घ्यायचा. गार्ड भोकांपासून अर्धा सेंटिमीटर लांब आहे म्हणून बोल्टनेच खेचून जागी आणले, तर नळीत कायमचा ताण कोंडून राहतो.

तो ताण पुढे काय करतो, हे समजण्यासाठी एकसिलिंडरी इंजिनाची थरथर लक्षात घ्यावी. मिनिटाला ५,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ८३ झटके, तासाला तीन लाख. पुण्याहून साताऱ्याला पोचेपर्यंत गार्डच्या प्रत्येक जोडाला काही लाख वेळा हलवून पाहिलेले असते. कोंडलेला ताण आणि ही थरथर मिळून वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पाडतात. आवाजावरून ती लवकर कळते: ठराविक वेगाला गार्ड गुणगुणू लागले, की वेल्ड तपासावे.

बोल्ट ढिले होण्यामागेही हीच थरथर आहे, पण तिची चाल जराशी अनपेक्षित आहे. जर्मन अभियंता गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवले, की बोल्ट मोकळा करण्यात त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या ओढीपेक्षा आडव्या दिशेने होणारी सरक जास्त घातक असते. जोड आडवा सरकतो, आट्यांवरचे घर्षण क्षणभर सुटते आणि नट केसभर उलटा फिरतो. आपल्याकडे सर्रास घालतात ती स्प्रिंग वायसर अशा सरकेपुढे फारशी टिकत नाही. नायलॉनची कडी असलेला नट बरा. फक्त तो सायलेन्सरच्या जवळ नको, कारण तिथल्या उष्णतेत नायलॉन मऊ पडते. रंग खरवडू नये म्हणून क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालण्याची हौस असते. तो तुकडा दबत जातो आणि बोल्टचा ताण कमी होतो. किती आवळावे यालाही माप आहे. जपानी पद्धतीत ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २२ न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्याला ३४ धरतात. पंधरा सेंटिमीटरचा पान्हा असेल तर २२ म्हणजे त्याच्या टोकाला सुमारे पंधरा किलोचा जोर. पान्ह्याला पाइप लावून अंगाचा भार टाकण्याची गरज कधीच नसते.

गार्ड बसले, की हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहायचे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे रेटायची, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर दबल्यावर मडगार्ड गार्डला घासत नाही ना ते कळते. ऑइल सोडायचा बोल्ट गार्डच्या आड गेला का, हेही पाहावे. तसे झाले असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला सगळे पुन्हा काढावे लागेल. आणि गार्डला पत्रा, फ्लेक्स किंवा गोणपाट बांधून पावसापासून पाय वाचवणाऱ्यांनी पावसाळा संपताच ते काढावे, कारण या इंजिनाला थंड ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे समोरून येणारा वारा.

एवढे सगळे लोखंड बसवून झाल्यावर मूळ गोष्ट शिल्लक राहतेच: गाडी मुळात पडू नये. तिथे गार्डचा संबंध संपतो आणि हाताच्या मुठीतल्या वायरींचा सुरू होतो.

क्लच, ॲक्सिलरेटर आणि ड्रमब्रेकच्या गाडीत पुढचा ब्रेक, या तिन्ही गोष्टी एकाच युक्तीवर चालतात. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. (रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बोडन वेगळे. या दोघांची गल्लत फार होते.) त्याआधी सायकलींचे ब्रेक सरळ दांड्यांनी चालत, आणि दांडी वळणावरून जाऊ शकत नाही. बोडन यांची वायर कुठूनही वळवून नेता येते. तिची गंमत अशी, की ओढली जाते ती आतली तार, पण तितकाच जोर बाहेरच्या आवरणावर दाबाच्या रूपाने येतो. गुंडाळलेल्या तारेचे ते आवरण दबत नाही, म्हणूनच आतली तार ओढली जाते. आवरण मऊ नळीचे असते, तर लिव्हर दाबल्यावर नुसती वायरच वेटोळी झाली असती.

यातूनच ॲडजस्टरचे कोडे सुटते. लिव्हरच्या मुळाशी असलेली ती आट्यांची नळी बाहेर फिरवली, की आपण तार ओढत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपण आवरणाची वाट लांब करत असतो. तारेची लांबी तीच, वाट लांबली, म्हणजे ढील कमी झाली. एका फेऱ्यात फरक साधारण मिलिमीटरभराचा पडतो. लिव्हर तो चार-पाचपट करून बोटापर्यंत आणते.

वायर जड होणे हे म्हातारपणाचे लक्षण समजले जाते, पण त्यालाही सूत्र आहे. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, वळणावरून जाणाऱ्या तारेचे घर्षण हे सगळी वळणे मिळून होणाऱ्या कोनावर आणि पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर अवलंबून असते, तेही घातांकी पद्धतीने. वायर एकूण १८० अंश वळत असेल आणि आतून स्वच्छ, तेलकट असेल, तर बोटांना सुमारे सदतीस टक्के जोर जास्त लावावा लागतो. तीच वायर गंजून घर्षण तिप्पट झाले, तर जोर अडीचपटींच्या पुढे जातो. नवल म्हणजे या सूत्रात वळण किती मोठे आहे याला जागाच नाही, फक्त एकूण कोनाला आहे. म्हणून मोबाइलचा होल्डर किंवा जादा लाइट बसवताना वायरीला एक निष्पाप दिसणारा वळसा दिला, की क्लच दुसऱ्या दिवसापासून जड वाटतो. कोकणातल्या पावसात वायर आधी सडते ती वरच्या टोकाला. ॲडजस्टर, चेकनट आणि लिव्हरचा कंस या तिन्हींना वायर काढण्यासाठी खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत वर तोंड करून राहिल्या, तर पाणी थेट आवरणात उतरते. ॲडजस्ट करून झाल्यावर त्या एकमेकींपासून फिरवून, खाली तोंड करून सोडाव्यात. तारेच्या टोकाची गुंडी लिव्हरमध्ये मोकळी फिरली पाहिजे, तिला ग्रीसचा थेंब लागतोच. ती अडकली तर लिव्हर दाबताना तार दर वेळी गुंडीपाशी मुडपते, आणि एक दिवस तिथेच तुटते.

आता ढिलीकडे. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी, असे छोट्या गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. ही ढील म्हणजे सैलपणा नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे. ती शून्यावर आणली तर लिव्हर सोडलेली असतानाही वायर थोडी ओढलेली राहते. आतल्या स्प्रिंगा प्लेटांना पुरते दाबत नाहीत, प्लेटा घसरतात आणि जळतात. जास्त ठेवली तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर कडाडतो आणि सिग्नलला गाडी पुढे रांगते.

इथे या यंत्राचा सगळ्यात सुंदर विरोधाभास आहे. ड्रमब्रेकचे लायनर झिजले, की त्यांना ड्रमपर्यंत जास्त अंतर जावे लागते, म्हणून ब्रेकची ढील वाढत जाते. क्लचच्या प्लेटा झिजल्या, की त्यांना दाबणारी चकती आत सरकते आणि उचलणाऱ्या यंत्रणेशी असलेले अंतर खाते, म्हणून क्लचची ढील कमी होत जाते. लिव्हर सारखीच, वायर सारखी, झीज दोन्हीकडे, आणि परिणाम बरोबर उलटा. वाढलेली ढील स्वाराच्या हाताला लगेच कळते. कमी झालेली ढील मात्र ‘क्लच छान टाइट आहे’ असे म्हणून नजरेआड होते, आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही तेव्हा प्लेटांचा खर्च समोर येतो. गॅरेजमध्ये गाडी देताना ‘सगळे टाइट करून ठेवा’ असे सांगण्याची आपली सवय क्लचच्या बाबतीत तरी सोडायला हवी.

ॲक्सिलरेटरच्या मुठीला कडेपाशी मोजून २ ते ६ मिलिमीटर मोकळे फिरणे लागते. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे, बहुधा नव्या गार्डच्या किंवा हेडलाइटच्या आड. बीएस-६ या प्रदूषण मानकानंतर छोट्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले, तरी मूठ ते थ्रॉटल हा प्रवास बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत आजही त्याच तारेने होतो.

लिव्हरचा कोन हा फुकटात मिळणारा आराम आहे, तरी तो कोणी घेत नाही. सीटवर बसून हात सरळ पुढे केल्यावर बोटे, मनगट आणि कोपर एका रेषेत राहतील इतकी लिव्हर खाली झुकलेली असावी. कारखान्यातून ती सरासरी उंचीच्या माणसासाठी बसवलेली येते. कंसाचे दोन बोल्ट जरा ढिले केले की ती फिरते. परत आवळताना अति आवळू नये. गाडी पडली तर लिव्हर हँडलभोवती फिरून वाचली पाहिजे, नाहीतर ती मुळाशी मोडते. गार्डचा न्याय इथेही लागू आहे. पायाच्या गिअर लिव्हरला तर दातेरी शाफ्टवर एक दाता वर-खाली सरकवण्याची सोय असते. पुढून-मागून दोन्हीकडे दाबायची लिव्हर आपल्याकडे टिकून आहे, कारण तिने चपलेचा वरचा भाग खराब होत नाही.

मागच्या ब्रेकची गोष्ट वेगळी, कारण तो एकटा नसतो. पॅडलची ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर. पण चेन ढिली पडली म्हणून चाक मागे सरकवले, की ब्रेकचा दांडा ओढला जातो आणि पॅडलची ढील आपोआप कमी होते. चाक फिरताना लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, मायलेज पडते, आणि दोष पेट्रोलपंपावर जातो. म्हणून क्रम ठरलेला: आधी चेन, मग ब्रेक, शेवटी ब्रेकलाइटचा स्विच. स्विचचे शरीर फिरवायचे नाही, त्याची वायर आत पिळते. शरीर हाताने धरून फक्त त्याचा नट फिरवायचा. ब्रेकच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या नटाला खोलगट खाच असते. ती ब्रेक-आर्ममधल्या पिनेवर नीट बसली पाहिजे, म्हणून नट नेहमी अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरतो. खाच पिनेवर चढून अर्धवट राहिली, तर पहिल्याच जोरकस ब्रेकला ती जागेवर बसते आणि केलेली ढील बदलते. आर्मजवळचा बाण ड्रमवरच्या खुणेला भिडला, की ॲडजस्टमेंटचे दिवस संपले. आता नवे लायनर.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक यंत्रणा, म्हणजे सीबीएस, किंवा एबीएस बंधनकारक झाले. छोट्या गाड्यांनी स्वस्त म्हणून सीबीएस घेतले. मागचे पॅडल दाबले, की एक जास्तीची वायर पुढचा ब्रेकही थोडा लावते. हर्ट यांच्या अहवालात अशी तक्रार होती, की संकटात स्वार मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा वापरत नाहीत. सीबीएस ती उणीव काही अंशी भरून काढते, पण तिची ढीलही आता मोजावी लागते. मागचा ब्रेक ठीक करून गॅरेजमधून निघण्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, एकाला मागून दाबून पुढचे चाक उचलायला सांगावे आणि ते हाताने फिरवावे. पॅडल हलके दाबल्यावर मागचे चाक आवळले जाते, त्यानंतर थोड्याच वेळात पुढचेही अडले पाहिजे. मग पुढची लिव्हर वेगळी दाबून तिचीही ढील पाहावी, कारण दोन वायरी पुढच्या एकाच ड्रमपाशी येऊन मिळतात आणि एकीची चूक दुसरीच्या नावावर जाते.